नऊ मीटरचं सागवान : किनवट ते अंबाजोगाई

सोमवार, किनवट

हिमायतनगर मागं टाकून किनवटच्या दिशेनं निघालं की दोन्ही अंगांना साग दिसायला लागतो. मराठवाडा म्हणजे उघडे माळ आणि सोयाबीनची रानं, अशी समज घेऊन येणाऱ्याला हा पट्टा एकदा दाखवायला हवा. जानेवारीत सागाची पानगळ सुरू झालेली असते. सुपाएवढी पानं रस्त्याच्या कडेला साचतात आणि एखादी गाडी गेली की खडखडत उडतात. पलीकडं पैनगंगा, तिच्या पलीकडं विदर्भ. बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, कानावर पडते.

आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप लाकडी आहे. गाव अंबाजोगाई तालुक्यातलं. मंडपाच्या मधल्या तुळया वाळवीनं आतून पोखरल्या. सुतारानं किकऱ्यानं टोचून दाखवलं तेव्हा कळलं की वरून शाबूत दिसणाऱ्या लाकडात आत भुस्सा आहे. जुन्या तुळया अखंड होत्या, सांधा नसलेल्या. मी स्थापत्य अभियंता आहे. मधोमध सांधा देऊन त्यावर वरचा भार टाकायला माझा आणि सुताराचा, दोघांचाही नकार होता. म्हणून लांब नग हवे होते. किनवट भागातल्या लाकूड आगाराच्या लिलावात जीर्णोद्धार समितीनं चौदा नग घेतले. सगळ्यात लांब नग नऊ मीटरचा, म्हणजे साडेएकोणतीस फूट.

लाकूड मिळालं, तसा वाहतुकीचा प्रश्न उभा राहिला. एका वाहतूकदारानं दहा चाकी गाडी सांगितली. तिचा हौदा चोवीस फुटी. "मागं पाच-सहा फूट येईल बाहेर, लाल फडकं बांधू, रातच्याला काढू, कोण बघतंय," असं तो सरळ म्हणाला. समितीतल्या दोघातिघांनाही ते पटत होतं, कारण पैसा वर्गणीचा आणि चाळीस फुटी ट्रेलरचं भाडं जवळजवळ दीडपट. मी ट्रेलरचा आग्रह धरला, त्यासाठी दोन बैठका खर्ची घातल्या आणि शेवटी माल आणायला स्वतःच आलो. त्या बैठकांत जे बोललो ते या रस्त्यावर रोज डोळ्यांसमोर होतं, म्हणून हे लिहितो आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे. त्यातला ९३वा नियम वाहनाच्या मापांचा. माल हौद्याच्या बाजूंना, पुढं किंवा मागं बाहेर येता कामा नये, असं त्यात आहे. पूर्वी मागच्या बाजूला एक सवलत होती : खांब, बल्ली, सळई असला माल वाहनाच्या शेवटापासून एक मीटरपर्यंत बाहेर आला तर चालायचं. बाहेर आलेल्या सळयांवर मागून गाड्या आदळून माणसं मरत होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ साली ती सवलत काढून टाकली गेली. आता एक मीटरही नाही, एक फूटही नाही. अनेक जुन्या ड्रायव्हरांना आणि मालकांना अजूनही तो एक मीटर पाठ आहे. तो रद्द झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

लाल फडक्याचंही तसंच. बाहेरच्या काही देशांत ती रीत कायद्यात बसते. अमेरिकेत माल चार फुटांपेक्षा जास्त मागं आला तर अठरा इंच बाजूची चौकोनी लाल किंवा केशरी झेंडी बांधावी लागते आणि रात्री लाल दिवा लावावा लागतो. आपल्याकडं मुळात माल बाहेर यायलाच बंदी आहे, त्यामुळं फडक्यानं काहीच नियमात येत नाही. तोडता येत नाही असा अवाढव्य माल, पवनचक्कीचं पातं किंवा कारखान्याची टाकी, यांच्यासाठी वेगळी परवानगी असते, त्याला धंद्यात ओडीसी म्हणतात. आमच्या तुळया काही त्यातल्या नव्हेत. त्यांना फक्त लांब गाडी हवी.

सकाळी नऊला ट्रेलर आला. ड्रायव्हर लोहा तालुक्यातले, पन्नाशीचे. मी त्यांना मामा म्हणू लागलो, ते मला साहेब. बरोबर क्लीनर, विशीतलं पोरगं. मामांनी आधी टेप काढून सगळ्यात लांब नग मोजला आणि मग हौदा मोजला. कागदावर नऊ मीटर लिहिलेलं होतं, तरी मोजला.

"कागदात नऊ आन् जाग्यावर दहा आसं बी निघतंय साहेब. बुडाकडला चिपाड कोन धरतंय मापात?"

भरणं हायड्रानं, म्हणजे फिरत्या क्रेननं झालं. त्यात मी जे पाहिलं ते सविस्तर लिहितो, कारण गोल माल सगळ्यात दगाबाज. चौकोनी माल ठेवला तिथं बसतो. ओंडका नेहमी घरंगळायची वाट पाहत असतो. ट्रेलरच्या दोन्ही कडांना खोबणीत लोखंडी खुंट ठोकले. कडेचा प्रत्येक नग निदान दोन खुंटांना टेकला पाहिजे, असं मामांचं म्हणणं. एकाच खुंटाला टेकलेला नग वळणावर त्या खुंटाभोवती फिरतो. जाड बुडं सगळी एका बाजूला ठेवली तर थर उतरता होतो, म्हणून एक बूड पुढं तर दुसरं मागं असे नग रचले. सर्वात वरचा कडेचा नग खुंटाच्या टोकाखाली राहील एवढीच उंची. खालच्या थराला दोन्हीकडून पाचरी. मग साखळ्या. दोरी मामांनी हातात धरली नाही. चार ठिकाणी साखळी टाकून लोड बाइंडरनं, म्हणजे साखळी आवळायच्या कुलाब्यानं ताणली आणि प्रत्येक साखळीवर लोखंडी पहार वाजवून आवाज ऐकला.

पुढं, केबिनच्या मागं, जाड पत्र्याची आणि चॅनेलची भिंत आहे. नग तिला भिडवून ठेवले. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, लाकूड थांबत नाही. भिंत आणि नग यांच्यात दोन हात मोकळी जागा असेल तर तेवढ्या अंतरात लाकडाला वेग येतो आणि ते भिंत फाडून केबिनमध्ये शिरतं. भिडवलेलं असलं तर तो धक्का बसतच नाही.

नंतर काटा. आगाराच्या कागदावर माल ९.६ घनमीटर. पण आगारात माप घेराच्या चौथाईनं काढतात : घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. या सूत्रानं खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच आकडा येतो. खरेदीदाराला साल आणि वाकडेपणाची सूट मिळावी म्हणून ही पद्धत आली. गाडीला मात्र पूर्ण लाकूड उचलावं लागतं. ९.६ घनमीटर म्हणजे प्रत्यक्षात बारा घनमीटरच्या वर. शिवाय ओल अजून अंगात. काट्यावर माल अकरा टनांच्या आसपास भरला. वाळलेल्या सागाचा दर घनमीटर सहा-सातशे किलोचा हिशेब धरून कागदी आकड्याला गुणलं असतं तर साडेसहा टन आले असते. ट्रेलरला अकरा टन काहीच नाही. पण छोट्या गाडीत याच हिशेबानं लोक भरतात आणि मग ओव्हरलोड निघतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड मोटार वाहन कायद्याच्या १९४व्या कलमात आहे. त्याच कलमात नवं पोटकलम आलं : माल बाजूला, पुढं, मागं किंवा उंचीला बाहेर आला तर वीस हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च, आणि माल नीट होईपर्यंत गाडी हलवायची नाही.

वाहतूक पासावर नगांची संख्या, मापं, गाडीचा नंबर, मार्ग आणि मुदत. प्रत्येक नगाच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का. पास तयार व्हायला चार वाजले. मामा म्हणाले, आता निघायचं नाही. जंगलातला रस्ता, अंधार लवकर पडतो. मुक्काम किनवटलाच.

मंगळवार, किनवट ते नांदेड

सातला उजाडल्यावर निघालो. बोधडी, इस्लापूर, हिमायतनगर. इस्लापूरजवळून सहस्रकुंडाकडं फाटा जातो. धबधब्याला जानेवारीत फार पाणी नसतं, आणि थांबायला वेळही नव्हता.

थांबलो ते दुसऱ्याच कारणानं. वीस-पंचवीस किलोमीटर झाले नसतील, तोच मामांनी मोकळी जागा बघून गाडी कडेला घेतली. क्लीनरनं वर चढून साखळ्या पाहिल्या. दोन सैल झाल्या होत्या. एक तर हातानं हलत होती. काल पहार मारली तेव्हा टणटण वाजणारी हीच साखळी. सुरुवातीच्या धक्क्यांनी नग एकमेकांत बसतात, साल चेपते, थर दोन बोटं खाली जातो आणि साखळीचा ताण निघून जातो. म्हणून पहिली तपासणी लवकर करायची असते. अमेरिकेत पहिल्या पन्नास मैलांच्या आत माल तपासायचा लेखी नियम आहे, मामांनी स्वतःच्या अनुभवानं त्याहून कमी अंतर ठरवलंय. हिमायतनगरला पुन्हा पाहिलं. भोकरला पाहिलं तेव्हा चारही साखळ्या वाजत होत्या.

भोकरच्या पुढं सीताखांडीचा छोटा घाट. उतारावर मामांनी गिअर आधीच खाली घेतला, ब्रेकवर पाय फारसा गेलाच नाही. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मालवाहू गाडीची मर्यादा ताशी ६० किलोमीटर, चौपदरीवर ८०. आमचा काटा पंचेचाळीस-पन्नासच्या वर गेला नाही. मागून हॉर्न वाजत राहिले. मामा प्रत्येकाला जागा मिळाली की डावीकडं घेऊन पुढं सोडत होते.

या घाटातच एक ट्रक पुढं दिसला. निलगिरीच्या बल्ल्या, हौद्याच्या मागं अंदाजे सहा फूट बाहेर, शेवटाला विटलेलं फडकं, ते लाल होतं की तपकिरी हे उन्हातही सांगता येईना. बल्ल्या प्रत्येक खड्ड्यागणिक वरखाली लवत होत्या. एक दुचाकी, तिच्यावर नवरा-बायको आणि मधे लेकरू, त्या बल्ल्यांच्या अगदी खाली घुसून पुढं निघायची वाट बघत होती. आम्ही सगळे गप्प झालो. क्लीनर पोरानं खिडकीतून हात काढून त्यांना मागं सरका म्हणून खुणावलं. त्यांना ते दिसलं नाही. सपाटीला लागल्यावर ते निघून गेले.

हौद्याची उंची जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर असते. मोटारीत बसलेल्या माणसाचा चेहरा आणि छाती त्याच उंचीला येते, दुचाकीवाल्याचं डोकंही साधारण तिथंच. मोटारीचा बंपर, बॉनेट, एअरबॅग ही सगळी रचना समोरून धडक बसेल असं धरून केलेली. ट्रकच्या मागं खाली आडवा लोखंडी गार्ड लावायची सक्ती आहे, तीही याचसाठी, की मोटार ट्रकखाली न घुसता गार्डवर अडावी आणि तिच्या बॉनेटनं मार खावा. हौद्याबाहेर दोन मीटर आलेलं लाकूड या सगळ्याला वळसा घालतं. ते बॉनेटच्या वरून येतं आणि थेट काचेतून आत शिरतं. गार्डला मोटार टेकेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

बारड ओलांडून दुपारी नांदेडच्या अलीकडं पोचलो. एका नाक्यावर वाहतूक पोलिसानं थांबवलं. पास पाहिला, नग मोजले, मग गाडीच्या मागं जाऊन हौद्याच्या कडेवर हात ठेवून नगांची टोकं पाहिली. लाकूड हौद्याच्या तीन मीटर आत संपत होतं. "असा माल रोज यायला पाहिजे," एवढं बोलून त्यानं जाऊ दिलं. मामांना ते ऐकून बरं वाटलं, पुढं दोनदा त्यांनी ते वाक्य सांगितलं.

मंगळवार, रात्र

नांदेड शहर बाहेरून ओलांडून लातूर रस्त्याला लागलो. गोदावरी, विष्णुपुरी, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची कमान. सूर्य कलला तसा मामांनी नेहमीचा ढाबा गाठला. गाडी रस्त्यापासून पूर्ण आत, मुरमावर. रस्त्याच्या कडेला अर्धी आत अर्धी बाहेर गाडी लावून झोपणारे ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिलेत. १५ ऑक्टोबर २०२३च्या मध्यरात्री वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि बारा जण गेले. सैलानीहून नाशिककडं परतणारे भाविक होते ते.

जेवण झाल्यावर क्लीनर ओलं फडकं घेऊन गाडीभोवती फिरला. परावर्तक पट्ट्या पुसत होता : पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. पट्टीवर पडलेला उजेड ज्या दिशेनं आला त्याच दिशेला परत जातो, म्हणून मागच्या ड्रायव्हरला ती पेटल्यासारखी दिसते. तिच्यावर चिखलाचा थर असेल तर तिचा काही उपयोग नाही. दिवसभराच्या धुळीनं आमच्या पट्ट्या जवळजवळ विझल्या होत्या. पुसल्यावर मी मोबाइलची बॅटरी धरून शंभर पावलं मागं गेलो, तरी लख्ख.

तिथंच उभं राहून मी नगांच्या टोकांकडंही बॅटरी मारली. गोल, काळपट तोंडं. पन्नास पावलांवर ती दिसेनाशी झाली. मोटारीचे खालचे दिवे तर मुद्दाम जमिनीकडं झुकवलेले असतात, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. दीड मीटर उंचीवरच्या लाकडाच्या तोंडावर त्यांचा उजेड पडतो तो फार उशिरा. बाहेर आलेल्या मालाचा खरा सापळा इथं आहे. मागचा ड्रायव्हर ट्रकचे लाल दिवे बघून अंतर ठरवतो. दिवे हौद्याला आहेत, लाकूड दिव्यांच्या दोन मीटर अलीकडं. त्याला वाटतं अजून जागा आहे. ताशी ८० किलोमीटरला मोटार एका सेकंदात बावीस मीटर जाते. दोन मीटरची चूक म्हणजे पापणी लवायच्या आतली चूक. आणि फडकं? अंधारात लाल कापड काळंच दिसतं.

ढाब्यासमोरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. गाळप ऐन भरात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना ओघळलेला, मागं एकही दिवा नाही. गाण्याचा आवाज आधी येतो आणि मग ट्रॅक्टर दिसतो. एक जोडी चहाला थांबली. मामा उठून त्या पोराकडं गेले.

"मागं काई लावलास का रं? टेप बीप?"

"नाई मामा. कारखान्यानं दिलती, उसाखाली गेली."

"उसाखाली कशाला लावलास? थांब."

मामांनी केबिनमधून लाल पट्टीची गुंडाळी काढली, हातभर तुकडे फाडले आणि मागच्या ट्रॉलीच्या चौकटीवर, ऊस येत नाही अशा जागी, क्लीनरकडून चिकटवून घेतले. पत्रा आधी पुसला, नाहीतर पट्टी धरत नाही. पोरगं चहाचा ग्लास घेऊन बघत होतं. "दर खेपेला पुसत जा," मामांनी बजावलं. तो हो म्हणाला. पुसत असेल अशी मला आशा आहे.

बुधवार, नांदेड ते लातूर

पहाटे धुकं होतं. मामांनी आठपर्यंत गाडी हलवली नाही. ढाब्यावरच्या दुसऱ्या गाड्या पाचपासून निघत होत्या. मालकाचा फोन आला, मामांनी "धुकं हाय, दिसंना गेलंय" एवढंच सांगून ठेवून दिला. या मालकाचं कौतुक वाटलं, त्यानं पुन्हा फोन केला नाही.

लोहा, माळाकोळी, माळेगाव. खंडोबाच्या यात्रेची गर्दी ओसरली होती. मामांनी गाडीतूनच हात जोडले. हा तुळजापूर–नागपूर महामार्ग, क्रमांक ३६१. रस्ता चांगला झाला आहे, म्हणूनच वेग वाढला आहे आणि शेतातून अचानक रस्त्यावर येणारी बैलगाडी, शेळ्या, उलट्या बाजूनं येणारी दुचाकी हे सगळं पूर्वीसारखंच आहे.

अहमदपूरच्या पुढं जेवताना कामाच्या तासांचा विषय निघाला. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. मामा तीस वर्षं गाडी चालवतात, त्यांनी हे कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. भाडं खेपेवर ठरतं, खेप लवकर झाली तर पुढची लवकर मिळते. रात्री झोप न झालेला ड्रायव्हर समोरच्या ट्रकमागच्या बल्ल्या पाहू शकत नाही, आणि बल्ल्या बाहेर काढलेला ट्रक मुद्दाम रात्रीच निघतो. दिवसा पोलीस अडवतील म्हणून जो माल रात्री काढतात तो नेमका रात्रीच सगळ्यात जास्त मारतो. पहिल्या वाहतूकदाराचं "रातच्याला काढू" मला तेव्हाही खटकलं होतं. मंगळवारी रात्री बॅटरी धरून उभं राहिल्यावर ते ऐकवेनासं झालं.

आष्टामोडला थोडा खोळंबा झाला, बाकी सरळ. लातुरात शिरायच्या आधी एका मोकळ्या मैदानाशेजारी मुक्काम.

गुरुवार, लातूर ते गाव

लातूरचा बाहेरचा वळणरस्ता धरून रेणापूर नाक्याकडं निघालो. ट्रेलरचं वळण कसं असतं ते इथं नीट कळलं. पुढचा घोडा, म्हणजे केबिन आणि इंजिनाचा भाग, उजवीकडून मोठा वळसा घेतो, पण मागची चाकं आतल्या कडेनं कापत येतात. डावीकडं वळताना डाव्या बाजूला जी जागा मोकळी दिसते, ती काही क्षणांत भरणार असते. त्या जागेत दुचाकीवाले शिरतात. मामांनी क्लीनरला खाली उतरवलं. त्यानं डाव्या कोपऱ्यात उभं राहून हात आडवा धरला, दोन दुचाकी थांबवल्या, गाडी निघाली, मग पळत येऊन चढला. प्रत्येक मोठ्या वळणाला हेच.

दहा चाकीवर हा माल असता तर उलट झालं असतं. मागच्या चाकांच्या मागं हौदा आणि बाहेर आलेलं लाकूड मिळून चार-साडेचार मीटर. गाडी डावीकडं वळली की ते टोक उजवीकडं झाडतं, शेजारच्या गाडीच्या किंवा दुचाकीस्वाराच्या अंगावर. ड्रायव्हरला ते आरशात दिसत नाही. शिवाय वजन मागच्या चाकांच्या मागं गेल्यामुळं पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. दहा चाकीला अकरा टन झेपतात, २०१८च्या वाढीनंतर तीन आसांच्या गाडीला एकूण २८.५ टनांपर्यंत मुभा आहे. वजन बसतं, म्हणून माल बसतो असं लोक धरून चालतात.

रेणापूरच्या पिंपळफाट्यावर चहा. पुढं बर्दापूर. तिथून अंबाजोगाई जवळ आली तशी माणसं ओळखीची दिसू लागली. दुपारी अडीचला गावाच्या वेशीबाहेर शाळेच्या मैदानावर गाडी लागली. समितीची सगळी मंडळी हजर. अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या नात्यातल्या आबांनी, मामांना फेटा बांधला. भाड्यावरून सगळ्यात जास्त तेच माझ्याशी वाद घालत होते.

शुक्रवार, गाव

हायड्रानं माल उतरला. उतरवणं भरण्याइतकंच धोक्याचं. साखळी सोडताना कडेचा नग सुटून येऊ शकतो, म्हणून ज्या बाजूनं साखळी सोडायची त्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. गावातली पोरं मोबाइल घेऊन जवळ सरकत होती. त्यांना शाळेच्या भिंतीपलीकडं पाठवायला दोन शिक्षक उभे करावे लागले.

मैदान ते देऊळ हा शेवटचा टप्पा गल्लीतला, ट्रेलर जाणार नाही. कुणीतरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नग टाकून नेऊ म्हणालं. ट्रॉली अकरा फुटी, लाकूड साडेएकोणतीस. अर्ध्याहून जास्त मागं लोंबलं असतं, आणि तेही शाळा सुटायच्या वेळी. सुतारानं दोन जुन्या बैलगाड्यांचे आस आणि चाकं काढून आणली. एक जोडी नगाच्या बुडाखाली, दुसरी शेंड्याखाली, मधे काहीच नाही, मागं वीतभर लाकूड. पुढं चार माणसं ओढायला, मागं दोन जण दोर धरून थांबवायला, गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक जण. वेळ लागला, संध्याकाळपर्यंत सगळे नग देवळाच्या आवारात पोचले.

रात्री समितीची बैठक झाली. मंडपाचे खांब अजून यायचे आहेत आणि ते दुसऱ्या ठिकाणाहून येतील. वाहतुकीच्या कार्यादेशात काय लिहायचं ते मी मांडलं आणि आबांनी वाचून सही केली : गाडीचा हौदा सगळ्यात लांब नगापेक्षा मोठा असावा, गोल मालाला साखळी आणि खुंट, दोरी चालणार नाही, सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, मुक्कामाचा खर्च समिती देईल. शेवटचं कलम आबांनी स्वतः घातलं. मामांच्या मालकाला ते फोनवर वाचून दाखवलं. त्यानं भाडं सांगितलं, तारीख विचारली. माल पाडव्यानंतरच्या आठवड्यात भरायचा ठरला आहे.